चपलांचा नंबर

वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी मी बमरोलीत जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीपुढे रांगेत उभी होते. माझ्यापुढे एका काकांच्या नुसत्या चपला होत्या. काका बाकावर बसून काकूंना ताओ समजावत होते.

“चिनी ऋषी सांगून गेले, आपण धडपड सोडली की कामं आपोआप होतात. सरकारनंही तेच करावं.”

“करतंय की! म्हणून तर एवढी रांग आहे. उठा, एक वाजेपर्यंत शाळेत जन्माचा दाखला नाही दिला तर आपल्या योगराजच्या पोराचा प्रवेश जाईल.”

“चपला बघ, माझ्याशिवाय खिडकीपर्यंत पोचल्या.”

“अहो, त्या ताई तासभर पायानं ढकलताहेत त्यांना!”

खिडकीतून आवाज आला, “जेवणाआधी एकच घेणार. जन्म के मरण?”

“जन्म,” मी म्हणाले.

“बघितलंस, योगराजची माय? आपोआप!”