भरलेले गाल

कुरुळीच्या दवाखान्यात नंबराची वाट बघत बसलेल्या तनुजाला मागच्या बाकावरच्या मायलेकाचं बोलणं ऐकू येत होतं.

"आदिनाथ, डॉक्टरांनी इचारलं तर सांग, गोळ्या कमी केल्या म्हणून."

"कुठं केल्या? तूच पहिल्याएवढ्या देतीस की रोज."

"मग? कमी केल्या की तोंड उतरंल. आत्ता गाल कसं भरल्यात! पाव्हणे म्हणलेच, पोरगं खात्यापित्या घरचं दिसतंय."

"आई, ही सूज हाय. आतड्याच्या दुखण्यावरच्या गोळ्या त्या. लई दिवस घेतल्या तर हाडं ठिसूळ व्हत्यात."

"सुपारी फुटू दे, मग कर हळूहळू कमी."

"आन् त्यांच्या घरी दोन वाट्या झणझणीत रस्सा प्यायला लावलास, त्याचं? दुसऱ्या दिवशी कंपनीत लाईन सोडून संडासातच व्हतो. रक्त पडत व्हतं."

"पथ्य हाय म्हणलं असतं, तर पोरगी कुणी दिली असती?"

"तिला तरी सांगितलंस का?"

"लग्नानंतर कळंलच की."

"मग लग्नात माझा एकट्याचा फोटो काढून ठेव. पुढं हार घालायला लागंल."

"मेल्या, शुभ बोल की जरा!"

तनुजानं न राहवून मागं वळून पाहिलं. गाल खरंच छान भरले होते. फोटोत पोरगा राजबिंडा दिसणार होता.