नळाजवळची पंगत

मागं उभे राहिलेले, या, पुढं सरका. जागा हाय. काल्याचं कीर्तन हाय, मांडवामागनं आमटीचा वास सुटलाय, तुमचं ध्यान कुठं लागलंय ते मला हितनं दिसतंय! पण थोडा वेळ माझ्याकडं द्या. एका मुलाखतीची गोष्ट सांगतो. म्हणाल, कीर्तनात नोकरीची गोष्ट कशाला बुवा? ऐका तर आधी.

पहिला एक सवाल. ज्याच्या हाताखाली माणसं द्यायची, त्याला काय विचारावं? शिकलाय किती? इंग्रजी येतं का? — सांगा की. गप बसलात? मीबी तिसरीतनं पळालेला. मला ते शिकवलं एका पोरीनं.

वाघेरी म्हणून गाव. गाव कसलं, कॉलेजच कॉलेज! भिंतीभिंतीवर एकच जाहिरात — मॅनेजमेंटला प्रवेश घ्या, साहेब व्हा. वर टाय लावलेल्या पोराचा फोटो. त्या फोटोतल्या पोराला तरी नोकरी लागली का, कुणाला म्हाईत!

त्या गावात हौसाबाई खिलारे. कॉलेजच्या वसतिगृहात मोठं स्वयंपाकघर, तिथं नळावर भांडी घासायची. बावीस वर्षं. सोड्याच्या पाण्यानं बोटांना भेगा पडलेल्या. नवरा नाही, एक लेक — वैजयंता. वैजू शाळा सुटली की दप्तर ठेवून आईशेजारी ताटं विसळायला बसायची. तिथंच वाढली, शिकली, मॅनेजमेंटची पदवी घेतली. मग तीन वर्षं अर्ज करत फिरली. जाईल तिथं एकच — अनुभव आणा. अहो, कामाला लावल्याबिगर अनुभव यायचा कुठनं? झाडाला लागतोय व्हय?

आणि एक दिवस त्याच वसतिगृहाची जाहिरात आली. व्यवस्थापक पाहिजे. हाताखाली तीस माणसं. वैजूनं अर्ज केला, बोलावणं आलं.

मुलाखतीदिवशी सकाळी आई तिची वेणी घालत होती. भेगांत केस अडकत होते.

"वैजे, एक ऐकशील?"

"काय गं?"

"तिथं मला वळख दाखवू नगंस. बापाची शेती हुती म्हण. भांडीवालीच्या पोरीला साहेब कोण करंल?"

केस ओढला गेला म्हणून डोळ्याला पाणी आलं, असं वैजूनं आईला दाखवलं. आणि मान हलवली. आईनं एवढं एकच मागितलं होतं, नाही कसं म्हणायचं?

सहा जण आले होते मुलाखतीला. पाच पोरं, ही सहावी. एक वाजेपर्यंत तिघांचं झालं. आता त्या संस्थेचा रिवाज चांगला होता हां — मुलाखतीला आलेला माणूस उपाशी जायचा नाही. सगळे वसतिगृहाच्याच खानावळीत जेवायला बसले. नळावर हौसाबाई पाठ करून बसली. लेकीकडं बघंना.

जेवणं झाली. पोरं ताटं तिथंच टाकून उठली. वैजू उठली, आणि मंडळी, इथं घात झाला. हाताला सवय! सहाच्या सहा ताटं तिनं एकावर एक रचली, खरकटं बादलीत सारलं, नळावर नेली आणि बसली की विसळायला!

हौसाबाई दबक्या आवाजात म्हणते, "अगं, ठेव ती. ऊठ. कोण बघंल."

तिकडं शिपाई बंडूनाना दारात उभा राहून नाव पुकारतोय. एकदा झालं, दोनदा झालं. नळ सोडलेला, ऐकू कुणाला येणार? तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा वैजू दचकून उठली. पळाली. बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. आई मागं कपाळाला हात लावून बसली. तिला वाटलं, पोरीचं नशीब आपल्या नळाखाली वाहून गेलं.

आत सेक्रेटरी निकमसाहेब. सगळं खिडकीतनं बघितलेलं.

"कुठं होता?"

"ताटं विसळत होते साहेब."

शेजारचे एक साहेब हसले. "अहो, भांडी घासायची जागा नाही ही. बरं, पहिल्या दिवशी काय बदल कराल?"

मघाची पोरं काय काय बोलून गेली होती! कॅमेरे बसवू, हजेरीचं यंत्र लावू. वैजू म्हणाली, "बायांचं जेवण साडेअकराला करीन. वसतिगृहातल्या पोरांच्या आधी."

"ते का?"

"संध्याकाळच्या चपात्या कच्च्या येतात अशी तक्रार आहे ना साहेब? चौदा बाया आहेत. पोरांचं आवरून, भांडी घासून चारला जेवतात, नळाजवळ, उकिडव्या बसून. उरलं असलं तर. आणि पाचला परत पीठ मळायला उभ्या. उपाशी हातानं कणीक तिंबली जात नाही."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

आता सांगा, काय करावं पोरीनं? सकाळी आईला शब्द दिलेला. तीन वर्षं दारोदार फिरलेली. वैजू आपल्या ओल्या बाह्यांकडं बघत राहिली.

"कुणी सांगितलं नाही," ती म्हणाली. "नळावर कडेला बसलीय ती माझी आई. सकाळी म्हणाली, ओळख दाखवू नको. आज मी तिचं ऐकणार नाही."

निकमसाहेबांनी खिडकीतनं नळाकडं बघितलं. मग म्हणाले, "जा. कळवतो."

आठ दिवसांनी पत्र आलं. सहा महिन्यांसाठी, काम बघून पुढं कायम.

पहिल्या दिवशी साडेअकराला चौदा पाट मांडले. तेरा बाया बसल्या. हौसाबाई उभीच.

"साहेबाच्या हातनं वाढून घिऊ व्हय मी?"

"साहेबाचा हुकूम आहे. बस."

बसली. वैजूनं भात वाढला. बावीस वर्षांत पहिल्यांदा, मंडळी, त्या स्वयंपाकघरातल्या भाताची वाफ तिच्या तोंडाला लागली. घास हातात तसाच राहिला. लेकीनं तो भेगाळलेला हात खालनं धरला आणि तोंडाकडं नेला.

तर सवालाचा जबाब मिळाला का? हाताखाली माणसं घेणाऱ्याला एवढंच विचारायचं — बाबा, तुझी माणसं जेवली का?

आणि आता तुम्ही. या मांडवामागं पहाटेपासनं चुलीपाशी आपल्याच आयाबहिणी बसल्यात. आमटीचा वास सगळ्यांना आला, त्यांची आठवण किती जणांना आली? दरसाली त्या शेवटी बसतात, तळाला राहिलेलं खातात. आज माझी दक्षिणा नको, नारळ नको. एक करा. मी हा फेटा उतरवून बादली घेतो, तुम्ही पत्रावळ्या घ्या, आणि पहिली पंगत त्यांची बसवा.