पांढऱ्या पायाचा लॉर्न

…नाही, पनवती म्हणायचं नाही! आधीच सांगून ठेवते. म्हातारा म्हणा, मंद म्हणा, पुढचे दात नाहीत म्हणा, नाहीतच, मी कुठे नाही म्हणतेय, दोन मॅनिटोबात पडले आणि दोन कुठे पडले ते त्यालाही आठवत नाही, पण माझ्या नवऱ्याला पनवती म्हणायचं नाही! पंधरा वर्षं झाली त्याला बर्फावर खेळून पोट भरतोय, आणि टीम किती? मोजू नका, मी सोडलं मोजणं. आमचे चमचे एका गावात राहिलेत, काटे दुसऱ्या गावात, आणि खिडकीला पडदे लावायला मी स्टुलावर चढले की फोन वाजतो. वाजतोच! "लॉर्न, सामान बांध, तुला विकलंय." अहो, बैल आहे का तो?

लॉर्न हलुष्का. कॅनडातल्या सस्कॅचवानच्या गव्हाच्या शेतातला. आइस हॉकीतला बचावपटू, म्हणजे गोल करणारा नव्हे, गोल करणाऱ्याच्या आडवं पडणारा. यांच्यात चेंडू नसतो, रबराची चकती असते, ती येते बंदुकीच्या गोळीसारखी, ती हा अंगावर घेतो, निळाजांभळा होतो, घरी येऊन गुडघ्यावर गोठलेल्या वाटाण्याची पिशवी ठेवतो आणि म्हणतो, "बर्नी, आज बरा खेळलो गं." अशा माणसाचं कुणी वाईट चिंतावं?

पण तुम्हाला सांगते, नशीब! न्यू ब्रन्सविकमध्ये गेलो, कागदाच्या गिरणीचं गाव. आम्ही पोचलो त्याच आठवड्यात गिरणी बंद. गिरणी बंद म्हणजे गाव बंद, गाव बंद म्हणजे टीम बंद. आता गिरणी काय लॉर्न चालवत होता? पण बारमध्ये लोक काय म्हणतात, "हा हलुष्का आला आणि भोंगा थांबला." खापर कुणावर? आमच्या लॉर्नवर!

मग टेक्सास. हो हो, टेक्सासमध्ये हॉकी! आदल्या दिवशी त्याच हॉलमध्ये गुरांचा बाजार, दुसऱ्या दिवशी तिथेच बर्फ घालून सामना, बर्फाला शेणाचा वास. नाताळच्या आधी बर्फाचं मशीन जळलं, बाहेर उकाडा, आणि खेळाडू घोट्याएवढ्या पाण्यात उभे, स्केट्स घालून, बगळ्यांसारखे! टीम बंद. खापर? आमच्या लॉर्नवर!

एकदा, एकदाच हो, वरच्या लीगनं बोलावलं. तीच ती, जिच्यासाठी इथली पोरं पाळण्यात असल्यापासून स्टिक धरतात. कुणाचं तरी मनगट मोडलं होतं. सगळा सामना बाकावर बसून काढला बिचाऱ्यानं, शेवटी कोच म्हणाला, "हलुष्का, जा." याने एक पाय बर्फावर ठेवला… आणि दिवे गेले! अख्ख्या स्टेडियमचे! दिवे आले तेव्हा कोच म्हणाला, "हलुष्का, ये." संपली वरची लीग.

सासूबाईंकडे गेलो तर त्या पिरोह्या, म्हणजे त्यांच्या बटाट्याच्या करंज्या, तळता तळता म्हणतात, "तू जन्मलास ना लॉर्न, त्या पहाटे खळ्यावर घुबड ओरडलं होतं." म्हटलं, सासूबाई, हे आत्ता सांगताय? लग्नाआधी सांगायचं ना!

आणि मग पाइक नॅरोज. उत्तर ओंटारियो. खाण, खाणीभोवती काळी झाडी, झाडीभोवती आणखी काळी झाडी. ऑक्टोबरात बर्फ पडायला लागला तो थांबेचना. आमच्या आधी आमची कीर्ती पोचलेली. ड्रेसिंग रूममध्ये लॉर्नच्या खुंटीवर पोरांनी घोड्याचा नाल ठोकून ठेवलेला, गोलकीपर त्याच्या सावलीवर पाय देत नव्हता. लॉर्न हसायचा. हसण्यावारीच न्यायचा तो सगळं. पण गंमत काय झाली… टीम जिंकायला लागली! लॉर्न आडवा पडतोय, चकत्या अंगावर घेतोय, आणि टीम जिंकतेय. खाटीक मला मूस हरणाच्या मांसाचे सॉसेज फुकट बांधून देतोय. एक दिवस लॉर्न जेवता जेवता म्हणाला, "बर्नी, या वेळी सीझन पुरा होणार गं. घर बघूया का इथे?"

तुम्हाला सांगते, इतक्या वर्षांत असं कधी बोलला नव्हता हा माणूस.

फेब्रुवारीत एकदा खांदा चोळत घरी आला. म्हटलं, लागलं का? म्हणाला, "नाही गं, ड्रेसिंग रूमचं मागचं दार अडकतंय. खांद्यानं ढकलावं लागलं."

म्हटलं, "थंडीनं लाकूड आखडतं."

म्हणाला, "लोखंडाचं आहे."

मी भांडी घासायला लागले. 

पुढच्या आठवड्यात दुसरं दार अडकायला लागलं. मग तिकीटखिडकीची काच आपोआप तडकली, कुणी हात लावला नाही. मग एके सकाळी सराव चालू असताना वरून काहीतरी पडलं, टण्ण! बर्फावर घसरत घसरत लॉर्नच्या पायाशी येऊन थांबलं. बोल्ट. अंगठ्याएवढा जाड. अकरा-बारा जण होते हो बर्फावर, पण याच्याच पायाशी आला!

तो गेला मॅनेजरकडे. डेल्बर्ट स्टोक्स. टीमचा मॅनेजर तोच, रिंकचा, म्हणजे त्या बर्फाच्या हॉलचा, चालक तोच, सामन्यात माईकवर बोलणारा तोच, कारण स्वतःचा आवाज त्याला फार आवडतो. लॉर्ननं बोल्ट टेबलावर ठेवला.

"हे काय?"

"वरून पडलं."

"मग वर लाव!"

"डेल्बर्ट, छपरावर बर्फ फार झालाय. दारं अडकतायत. एकदा कुणाला तरी दाखवू या…"

झालं! डेल्बर्ट उठून उभा राहिला, "हलुष्का! इतक्या टीमा बंद पाडल्यास, आता माझी इमारत बंद पाडणार? रविवारी बाद फेरीचा सामना आहे, सगळी तिकिटं गेलीत! आणि हे बघ, ती गोष्ट तोंडातून काढू नकोस. तू बोललास की होतं!"

आता सांगा, माणसानं काय करायचं? बोललं तर शाप, नाही बोललं तर पाप. कोचला सांगितलं, तर कोच म्हणतो, "लॉर्न, वर नको बघूस, समोर बघ." मी म्हटलं, तू खेळूच नकोस रविवारी, पोटात दुखतंय म्हण. तर म्हणाला, "माझं पोट दुखलं तर बाकीची पोरं घरी राहतील का?" हे असं आहे. एवढं मोठं धूड, आणि आत असला जीव.

मग मीही गेले. तो आत असताना मी घरी बसून काय लोणी खाणार होते?

रविवारची दुपार. सकाळपासून पाऊस लागलेला. फेब्रुवारीत पाऊस! एवढा थोरला बर्फ छपरावर, आणि वरून पाऊस, म्हणजे स्पंज भिजवून डोक्यावर ठेवावा तसं. आत अख्खं गाव. आज्या मांडीवर गोधड्या घेऊन, बाया तान्ही पोरं घेऊन, शाळेचा बँड, ढोल. मी वर बघायचं नाही असं ठरवून वरच बघत होते. दुसरा भाग सुरू झाला आणि तो आवाज आला. मोठा नव्हता. म्हातारा माणूस खुर्चीतून उठताना गुडघ्यातून येतो ना, तसा… कुईंऽऽ… मग गप्प. ढोल वाजत होते, कुणाला ऐकू जाणार? बाकावरून लॉर्ननं वर पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आणि छपरातून पिठासारखी बारीक पांढरी धार सुटली, सरळ, दोऱ्यासारखी, खाली बर्फावरच्या निळ्या रेषेवर.

तेवढ्यात कोचनं त्याला आत पाठवलं. चकती आली याच्या स्टिकवर. अगदी अलगद, आयती. आणि यानं ती सोडली! सोडून दिली हो! समोरच्यानं उचलली आणि गोल! गाव उठलं, "पनवती! पनवती!" पाय आपटताहेत फळ्यांवर, धाड धाड धाड, आणि मी मनात म्हणतेय, मेल्यांनो पाय आपटू नका, शिव्या हव्या तितक्या द्या पण पाय आपटू नका! आणि लॉर्न? लॉर्न बर्फावरून बाहेर पडला, स्केट्सवर टक टक टक करत पायऱ्या चढला, डेल्बर्टच्या काचेच्या खोलीत शिरला आणि त्यानं माईक हिसकावला.

हा माणूस स्वतःच्या लग्नात एकच शब्द बोलला होता, तोसुद्धा पाद्रीबाबांनी दोनदा विचारल्यावर! सगळं गाव गप्प झालं. भोंग्यातून नुसता त्याचा श्वास. मला वाटलं, आता हा छपराचं बोलणार. आणि बोलला तर काय? निम्मे हसणार आणि निम्मे दाराकडे धावणार, एकमेकांना तुडवत. आज्या, तान्ही पोरं… मी डोळे मिटले.

"लोकहो," तो म्हणाला, "बाहेर पार्किंगमध्ये बिअर फुकट आहे. डेल्बर्टकडून. मुलांना चॉकलेट. सगळ्यांना पुरेल, सावकाश जा."

अहो, पाइक नॅरोज! तिथे फुकट बिअर! गाव उठलं. रांगेनं, हसत, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत. आज्या गोधड्यांसकट, बँड ढोलांसकट, दोन्ही टीमा स्केट्ससकट आणि सगळ्यांच्या पुढे पंच!

बाहेर धो धो पाऊस. आणि बिअर? कसली बिअर! लोक गाड्यांमागे शोधताहेत, ट्रकखाली वाकून बघताहेत. तेवढ्यात बाहेरच्या भोंग्यातून डेल्बर्टचा आवाज, "परत या! बिअर नाही! हलुष्का खोटं बोलतोय! खेळ सुरू होतोय, परत या!" आणि लोक वळले हो! शिव्या देत परत दाराकडे निघाले! लॉर्न पायऱ्यांवर आडवा उभा राहिला, आयुष्यभर उभा राहिला तसा, पण एवढ्या माणसांना एकटा किती अडवणार? मग त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. वळला आणि आत गेला.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही.

भोंगा चालूच होता. "काय रे? सोड! हलुष्का, कॉलर सोड! तुझा करार…" आणि मग एक आवाज. कट्ट. भोंगा बंद.

छप्पर पडलं. तुम्हाला वाटेल गडगडाट झाला असेल. नाही. एवढा बर्फ होता ना, मऊ. धप्प. कुणीतरी वरच्या मजल्यावरून गादी टाकावी तसं. आणि दारांतून पांढरा ढग बाहेर आला, त्यात ना भिंत दिसे, ना दार, ना माणूस. सगळं गाव पावसात उभं. मी पण उभी. मनात काय आलं सांगू? मनात आलं, फोनच वाजू दे. कुठूनही वाजू दे, कितीही लांबून, पण त्याला विकत घेऊ दे कुणीतरी.

आणि मागच्या बाजूनं धडक ऐकू आली. आतून. पुन्हा एक. ते लोखंडी दार! मग खाणीवरची चार माणसं धावली, पहार घातली, दार उघडलं, आणि लॉर्न बाहेर आला. डावा खांदा लोंबतोय, उजव्या खांद्यावर डेल्बर्ट, आणि डेल्बर्टच्या मुठीत माईक. तुटलेल्या वायरसकट! कुणाला खरचटलंसुद्धा नाही, अख्ख्या गावात एका लॉर्नचा खांदा काय तो निखळला. डेल्बर्टला खाली ठेवला, त्यानं खोकून घेतलं, डोळे पुसले आणि पहिलं वाक्य काय बोलावं?

"सांगितलं होतं ना, तोंडातून काढू नकोस म्हणून!"

टीम बंद. रिंक नाही तर टीम कसली? एक-दोघी बाया ॲपल पाय भाजून घेऊन आल्या, माझा हात धरून रडल्या, ते मी विसरणार नाही. पण खाटकाकडे गेले तर कुजबुज, "हा आला आणि बघा, छप्परच आलं खाली." खापर कुणावर? आमच्या लॉर्नवर! आणि छपराचं एक वेळ सोडा, काही जण अजून बिअरचं विचारतात!

छप्पर पडलं त्या संध्याकाळी लॉर्न खांद्यावर वाटाण्याची पिशवी ठेवून बसला होता.  मग म्हणाला, "बर्फ फार चांगला होता गं तिथला." एवढंच. मी बाजूला बसले.

काल फोन वाजला. आणखी उत्तरेला कुठलं तरी गाव, खेळाडू कमी पडलेत, खांदा बरा झाला की ये म्हणाले. मी म्हटलं, लॉर्न, बाकी काही विचारत नाही, फक्त छपराचं काय ते सांग. म्हणाला, "छप्परच नाही गं, त्यांचा हॉल दुरुस्तीला काढलाय, यंदा सगळं उघड्यावर." म्हटलं, देव पावला! खोकी काढली, भांडी बांधली, सासूबाईंना कळवलं, आणि सगळं झाल्यावर आपलं सहज विचारलं, उघड्यावर म्हणजे नेमकं कुठे रे?

तर म्हणतो, "गोठलेल्या तळ्यावर."