निळं घर

हसाल तुम्ही, पण लंडनच्या स्टॅनमोरमधलं माझं घर युरोपात गाजता गाजता राहिलं.

कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने आमच्या रस्त्यावरच्या घरांचे फोटो काढले होते. घरातली ऊब जिथून बाहेर जाते तिथे लाल, नाही तिथे निळं. ते दाखवायला कौन्सिलमधली एक मुलगी आली. जन्म इथलाच, पण मराठी बोलायची हौस.

"काकू, सगळ्या स्ट्रीटमध्ये तुमचा घर बेस्ट आहे. फुल निळा."

"तुमचं घर. निळं," मी म्हटलं. जित्याजागत्या माणसाशी मराठी बोलायला मिळालं, तर मी आधी चुकाच काढल्या.

"सॉरी, निळं. ब्रेक्झिटनंतर युरोपचं फंडिंग गेलं, पण तिकडच्या शहरांबरोबर आमच्या क्लायमेटच्या मीटिंग्ज अजून होतात. तिथे हा फोटो दाखवते. ऊब टिकायला भिंतीत काय भरलंत?"

"काही नाही. हे गेल्यापासून हीटिंग एकाच खोलीत लावते. बाकीच्या खोल्यांत आहे कोण?"

तिने वहीत लिहिलेलं 'बेस्ट' हळूच खोडलं. मग विषय बदलायला फोटोतल्या दारावर बोट ठेवलं. "इथे एक लाल डाग आहे. दार लीक होतं का? ग्रँटमधून बदलून देऊ."

"दार चांगलं आहे गं. तो डाग म्हणजे मी. सकाळी कचऱ्याचा बिन बाहेर ठेवून उभी होते, कोणी दिसतंय का बघत."

फोटो मी ठेवून घेतला. हे गेल्यानंतर माझा कोणी काढलेला तेवढा एकच आहे.