माधव, मग जागा, मग राव

सकाळी ११:४०. कंपू मोहल्ल्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात यशश्रीच्या लॅपटॉपवरचा प्रोग्राम पाचव्यांदा चालला नाही. तो बारापर्यंत पाठवला, तरच नोकरीची मुलाखत होणार होती. शेजारी आजोबा माधवराव डोळ्यांत औषध घालून बसले होते.

“प्रोग्राम बरोबर आहे, आजोबा. ज्यात तो लिहिलाय, त्या एडिटरला जोडलेलं प्लगइनच तो चालवत नाहीये, यार!”

“मला यार म्हणू नकोस. काय म्हणतंय ते?”

“‘माधव’ सापडत नाही म्हणतंय.”

“मी इथेच बसलोय की!”

“अरे हां! लॅपटॉप तुमच्या नावावर आहे ना. विकताना दुकानदाराने त्यातल्या फोल्डरला नाव दिलंय माधव, मग जागा, मग राव. प्लगइन त्या मोकळ्या जागेपाशीच थांबतंय.”

“बघ! साठ वर्षं सांगतोय या लोकांना, माधवराव जोडून लिहा. राव माझं आडनाव आहे का?”

“थांबा, फोल्डरचा सगळा पत्ता अवतरणचिन्हांत घालते. मग ते एकच नाव समजेल... चल गया! आजोबा, चल गया!”

“मराठीत ओरड.”

“चालला! पाठवतेय!”

११:५७ ला तिने बटण दाबलं. ११:५९ ला पडद्यावर ‘पाठवत आहे’चं चक्र अजून फिरत होतं.