रोजच्यासारखा एक मथळा

हॅलो?… हो, मीच. बोला ना… अहो, झोपले कुठची, ऑफिसातच आहे. आवाज असाच आहे आज…

डबा उघडलात?… भाजी खारट? असेल. दोनदा मीठ पडलं वाटतं…

काय म्हणता? पुढच्या महिन्यातली रात्रपाळी बदलून घेतलीत? चिमीच्या शाळेतल्या नाटकासाठी?… हो, हो, आनंदाने नाचेल ती… नाही, मी नाही सांगत. तुम्हीच सांगा घरी गेल्यावर.

एक मिनिट हं.

(तिने फोनवर तळवा दाबला.) हो साहेब, देते मथळा… हो, ह्यांचाच कारखाना. नाही, त्यांना अजून पत्ता नाही. त्यांच्याआधी बातमी आपल्याकडे आली… सांगते, सांगते. तोंड उघडलं की भलतंच बाहेर पडतंय… रडू? छे. काहीच वाटत नाहीये साहेब.

हॅलो… हं, आहे ना… आजचा इंग्रजी मथळा? आज राहू द्या… अहो, रोज मथळा मराठीत करायचा खेळ खेळतो म्हणून आजही खेळायलाच हवं का?… बरं बाबा. ऐका. 'अ‍ॅक्स फॉल्स ऑन थ्री हंड्रेड वर्कर्स.'… नाही हो, कुणी मेलं नाही, नोकऱ्या गेल्यात! काल 'स्लॉटर' ऐकूनही तुम्ही हेच विचारलंत, आणि ते नुसते फुटबॉलची मॅच हरले होते… हो, इंग्रजी पेपरात सकाळी मुंडकं उडालेला माणूस संध्याकाळी घरी जेवायला असतो. खरंय तुमचं.

मराठीत? मी 'गंडांतर' केलं होतं… पुस्तकी वाटतं?… मग?… 'कुऱ्हाड'… हं. इंग्रजीत अलंकार असेल तर मराठीतही हवा, साहेबांचा नियमच आहे… नाही, खरंच चांगलं आहे.

कुठले कामगार?… आहेत… एका कारखान्यातले… हो, बायकापोरं असतीलच… हो. बिचारे.

अहो, ऐका ना… मी काय म्हणत होते… नाही, भाजीचं नाही… हा भोंगा कसला?… या वेळी?… सगळ्यांना फाटकाशी बोलावलंय?… नव्या यंत्राचं असेल म्हणता…

थांबा, तोंडातला घास आधी गिळा. पाणी प्या… डबा राहू दे हो! ऐका, तो मथळ्यातला कारखाना… हॅलो?… अहो?… हॅलो?

…

साहेब, घ्या. 'तीनशे कामगारांवर कुऱ्हाड.'… हो ना, चपखल आहे.

ह्यांनीच सुचवला.