सोडतीची शेळी

तुम्हाला खोटं वाटेल. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर साल असेल, मी मोहोळकडं मास्तर होतो. शाळेच्या छपरासाठी आम्ही तिकिटं विकून सोडत काढली. बक्षीस एक शेळी. मामलेदार कचेरीनं परवानगी दिली, पण अट घातली की सोडतीपर्यंत बक्षीस कचेरीच्या ताब्यात राहील. शेळी गाभण होती. ती कचेरीतच व्याली, दोन करडं झाली.

नंबर लागला पारूबाईचा. ती शेळी न्यायला आली, तर कारकून म्हणाला, "परवानगी एकाच बक्षिसाची आहे. करडं सरकारजमा."

पारूबाईनं शेळीचं दावं सोडलं. "बरं की सायेब. मग त्यास्नी दूध तुमीच पाजा."

ती शेळी घेऊन फाटकापर्यंत गेली असेल-नसेल, तोच कारकून दोन्ही काखांत ओरडणारी करडं घेऊन धावत आला. "बाई, थांबा! परवानगी मागनं काढू!"